आधी तास आखा, मग व्हिडिओ : फ्लिप्ड क्लासरूमबद्दल वाचकांचे प्रश्न

नवा भाग शिकवायचा वर्गात आणि सराव करायचा घरी, ही आपली नेहमीची रीत. फ्लिप्ड क्लासरूममध्ये हे उलटं होतं. ओळखीपुरता भाग मुलं घरून बघून किंवा वाचून येतात आणि जिथे अडतं ते काम शिक्षक समोर असताना वर्गात करतात. याबद्दल आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत.

दहावीला विज्ञान शिकवते. यंदा फ्लिप करून बघायचं आहे. सुट्टीत सगळ्या धड्यांचे व्हिडिओ करून ठेवू की एकेक करत जाऊ? सुरुवात नेमकी कुठून करायची?
— विज्ञान शिक्षिका, सातारा जिल्हा

सगळे धडे नकोत, पहिल्या खेपेला अख्खा धडाही नको. एक उपघटक घ्या आणि एकच तास फ्लिप करा. मुख्य म्हणजे व्हिडिओ सगळ्यात शेवटी करा. बहुतेकांची गाडी इथेच अडते. महिनाभर खपून व्हिडिओ तयार होतात, मुलं ते बघूनही येतात आणि मग तासाला करायचं काय, हा प्रश्न उभा राहतो. शेवटी तोच भाग फळ्यावर पुन्हा शिकवला जातो. मोकळी झालेली पस्तीस मिनिटं कशी वापरायची, हे आधी कागदावर उतरलं पाहिजे.

‘भिंगे व त्यांचे उपयोग’ हा धडा घेऊ. बहिर्गोल भिंगासमोर वस्तूची सहा स्थानं आणि त्यांच्या सहा किरणाकृती, हा भाग मुलं पाठ करतात आणि परीक्षेत स्थानांची अदलाबदल करतात. म्हणून आकृत्या काढणं हे वर्गातलं काम ठेवा. त्यासाठी मुलाला आधी काय माहीत हवं? फक्त तीन नियम. मुख्य अक्षाला समांतर आलेला किरण नाभीतून जातो, नाभीतून आलेला किरण समांतर बाहेर पडतो आणि प्रकाशीय केंद्रातून जाणारा किरण सरळ जातो. बस, एवढंच व्हिडिओत घ्यायचं. सहा स्थानं व्हिडिओत आणायची नाहीत. आणलीत तर मुलं ती उतरवून घेतील आणि तासाचं काम आधीच संपलेलं असेल.

आता पस्तीस मिनिटांचा तास असा लावा. पहिली चार मिनिटं फळ्यावर एक अपुरी आकृती : वस्तू, भिंग, एक किरण. दुसरा किरण प्रत्येकाने वहीत काढायचा. तुम्ही बाकांमधून फिरायचं आणि कुठे चुकतंय ते बघायचं. पुढची पाच मिनिटं फक्त त्या चुकांची. मग अठरा मिनिटं चार-चार जणांचे गट. प्रत्येक गटाला आलेखाचा एक कागद आणि सहापैकी दोन स्थानं. नाभीय अंतर (भिंगापासून नाभीपर्यंतचं) २ सेंमी आणि वस्तूची उंची १.५ सेंमी सगळ्यांना सारखी द्या. आडवा धरलेल्या कागदावर हे बसतं : वस्तू ३ सेंमीवर ठेवली तर प्रतिमा ६ सेंमीवर, उलटी आणि ३ सेंमी उंच मिळते.

गट दोन ठिकाणी हमखास अडतील. वस्तू बरोबर नाभीवर असते तेव्हा किरण एकमेकांना छेदतच नाहीत. मुलं रेघा लांबवत कागदाच्या कडेपर्यंत जातात, मग आपलंच चुकलं असं समजून खोडरबर हातात घेतात. ‘खोडू नकोस, रेघा समांतर आहेत का ते मोजून बघ’ एवढंच म्हणा. दुसरी जागा म्हणजे नाभीच्या आत, १ सेंमीवर ठेवलेली वस्तू. इथे भिंगाच्या पलीकडे गेलेले किरण फाकतात. ते मागे, वस्तूच्या बाजूला तुटक रेघांनी वाढवायचे हे निम्म्या गटांना सुचत नाही. सुचेपर्यंत दोन मिनिटं थांबा. आपला तास उलटा करायचा तो या दोन मिनिटांसाठी. घरी एकटं बसलेलं मूल याच जागी वही मिटतं.

उरलेल्या आठ मिनिटांत दोन गटांनी आकृती दाखवायची आणि शेवटी प्रत्येकाने चिठ्ठीवर एका प्रश्नाचं उत्तर लिहून द्यायचं.

भिंगाच्या सूत्राच्या तासाला ही चिठ्ठी फार कामाची ठरते. नाभीय अंतर १० सेंमी, वस्तू १५ सेंमीवर, प्रतिमा कुठे? बरोबर उत्तर ३० सेंमी. चिठ्ठीत ६ आलं तर मुलाने एकतर वस्तूच्या अंतराचं ऋण चिन्ह सोडलं आहे किंवा नववीतलं आरशाचं सूत्र वापरलं आहे. एक छेद तीस आलं तर शेवटी उलट करायचं राहिलं. आणि एक फसवी गोष्ट : चिन्हही सोडलं आणि सूत्रही आरशाचं वापरलं, तर दोन चुका एकमेकींना खातात आणि उत्तर ३० येतं. म्हणून चिठ्ठीवर वस्तूचं अंतर चिन्हासकट वेगळं लिहायला लावा. साठ चिठ्ठ्या तीन ढिगांत वाटायला दहा मिनिटं पुरतात आणि उद्याच्या तासाची सुरुवात कुठून करायची ते कळतं.

व्हिडिओ किती मिनिटांचा असावा? माझ्याकडे साधा फोन स्टँड आणि माइकही नाही. तयार व्हिडिओ वापरले तर चालतील का?
— गणित शिक्षक, नांदेड

सहा मिनिटं, जास्तीत जास्त आठ. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या चार अभ्यासक्रमांत विद्यार्थ्यांनी जवळपास ६९ लाख वेळा व्हिडिओ कसे बघितले, हे तपासणारा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असला तरी साधारण विद्यार्थी त्यात सहा मिनिटांहून जास्त टिकत नाही, असं त्यात दिसलं. तुमचा भाग बारा मिनिटांचा होत असेल तर त्याचे दोन व्हिडिओ करा. बोलणं मिनिटाला शंभर-एकशेवीस शब्दांचं असतं, म्हणजे सहा मिनिटांना सहाशे-सातशे शब्द. ते लिहून काढा, पण वाचून दाखवू नका. वाचलेलं लगेच कळतं आणि मुलांचा कान बंद होतो.

स्टँड नको. सारख्या उंचीचे पुस्तकांचे दोन ढीग, दीड वीत उंच, एक हात अंतरावर. त्यांवर लाकडी पट्टी आडवी. पट्टीवर फोन पडदा वर करून ठेवा, मागचा कॅमेरा कडेबाहेर येऊ द्या आणि दुसऱ्या टोकावर डस्टरसारखं वजन ठेवा. खाली कोऱ्या कागदावर पेन्सिलीने २४ बाय १३.५ सेंमीची चौकट आखा. आडव्या व्हिडिओच्या लांबी-रुंदीचं प्रमाण हेच असतं. अक्षर किमान १ सेंमी उंच आणि स्केचपेनने. आडव्या फोनवर ते जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचं दिसतं, त्याहून लहान वाचवत नाही. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांनी खिडकी डावीकडे येईल असं बसावं, नाहीतर हाताची सावली अक्षरावर पडते.

चित्र थोडं कमी-जास्त असलं तरी मुलं चालवून घेतात, आवाज खराब असला की बंद करतात. पंखा बंद. फोन विमान मोडवर. इअरफोनच्या वायरीवरचा माइक तोंडापासून वीतभर अंतरावर शर्टाला अडकवा. चूक झाली तर थांबू नका, एक टाळी वाजवा आणि वाक्य पुन्हा म्हणा. कापताना ध्वनीच्या रेषेत टाळीचा उंचवटा लगेच सापडतो. पहिल्या व्हिडिओला दोन-तीन तास जातील. चौथ्या-पाचव्यापासून तासाभरात होतो.

पाठवताना ७२० पी पुरे. सहा मिनिटांची फाइल २५ एमबीच्या आसपास बसवता येते. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता व्हिडिओ म्हणून टाकलात तर तो आणखी आकसतो आणि घातांक-करणीची बारीक चिन्हं पुसट होतात. डॉक्युमेंट म्हणून जोडा.

तयार व्हिडिओ चालतो. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड दीक्षा या सरकारी अ‍ॅपवर उघडतात आणि तिथलं साहित्य डाउनलोड करून नंतर नेटशिवाय बघता येतं. फक्त पाठवण्याआधी स्वतः पूर्ण बघा. संज्ञा पुस्तकातल्याच आहेत ना? चिन्हांचा संकेत तोच आहे ना? ‘छेदबिंदू’ आणि ‘इंटरसेक्शन पॉइंट’ एकच, हे तुम्हाला कळतं. गावाकडच्या मुलाला ते दोन वेगळे मुद्दे वाटतात. आमचं मत विचाराल तर साधा असला तरी स्वतःच्या आवाजातला व्हिडिओ बरा. मुलं ओळखीच्या आवाजाला जास्त दाद देतात.

वर्गात ५२ मुलं. निम्म्यांच्या घरी एकच फोन आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो, रात्री आठनंतर घरी येतो. काहींकडे तोही नाही. अशा शाळेने या भानगडीत पडावं का?
— मुख्याध्यापक, नंदुरबार जिल्हा

पडावं, पण व्हिडिओच्या मागे लागून नव्हे. घरी करायचं काम कागदावरही देता येतं. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ मध्ये भौतिकशास्त्राचे तास बदलायला घेतले तेव्हा विद्यार्थ्यांनी आधी वाचून यायचं, एवढीच अट होती. तुमच्याकडे पाठ्यपुस्तक प्रत्येक मुलाच्या दप्तरात आहे. त्याला वाचनपत्रिकेची जोड द्या : अर्ध्या पानावर पाच प्रश्न आणि प्रत्येकासमोर पान व परिच्छेद. ‘पान अमुक, दुसरा परिच्छेद वाच. त्यातला कोणता शब्द तू याआधी वेगळ्या अर्थाने वापरला आहेस?’ असा प्रश्न मुलाला परिच्छेदाकडे परत पाठवतो. ‘व्याख्या लिहा’ म्हटलंत की मूल वाचत नाही, नुसतं उतरवतं. ए-फोर कागदावर दोन पत्रिका बसतात, म्हणजे ५२ मुलांना २६ कागद.

व्हिडिओ द्यायचाच असेल तर तो शाळेत दाखवा. शाळेला टीव्ही असेल तर पेनड्राइव्हवर एमपी-फोर फाइल न्या आणि मधल्या सुट्टीत जेवण झाल्यावर किंवा शाळा भरण्याआधी लावा. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यापुरता वेगळा गट करून तिथे बसवू नका, सगळ्यांसाठी खुलं ठेवा. नाहीतर कोणाच्या घरी काय नाही याची ती जाहीर यादी होते. फोन असलेल्यांना फाइल शाळेतच ब्लूटूथने द्या, घरचा डेटा खर्च होता कामा नये. आणि मुदत दोन रात्रींची ठेवा. रात्री आठला घरी येणारा फोन एका रात्रीत दोन भावंडांत वाटला जात नाही. सोमवारी दिलेलं बुधवारच्या तासाला लागेल असं वेळापत्रक आखा.

अडचणीतूनच ही पद्धत रुजली, हेही लक्षात घ्या. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या वुडलँड पार्क या छोट्या गावातले जोनाथन बर्गमन आणि आरन सॅम्स हे रसायनशास्त्राचे दोन शिक्षक. खेळांच्या सामन्यांसाठी लांब जाणाऱ्या मुलांचे तास बुडत, म्हणून त्यांनी २००७ मध्ये तास चित्रित करायला सुरुवात केली. घरी नेट नसलेल्यांना ते डीव्हीडी करून देत.

दोनदा करून बघितलं. दोन्ही वेळा निम्मी मुलं काहीच न बघता आली. नाइलाजाने फळ्यावर सगळं पुन्हा सांगितलं. मुलं मुळात आळशी आहेत, असं माझे सहकारी म्हणतात.
— शिक्षिका, ठाणे

पुन्हा सांगितलंत, तिथे गाठ सुटली. ज्यांनी घरी बघितलं त्यांना कळलं की उगाच बघितलं, आणि ज्यांनी बघितलं नाही त्यांना कळलं की बाई सांगतातच. दोन तासांत वर्ग हे शिकतो. तिसऱ्या वेळी निम्म्याहून कमी मुलं बघून येतील आणि त्यात आळसाचा संबंध नाही, तो साधा हिशेब आहे.

तिसऱ्या वेळी असं करा. तास सुरू होताच अपुऱ्या आकृतीसारखा किंवा एका ओळीच्या उदाहरणासारखा प्रश्न द्या आणि वही बघा. साठ वह्या तुम्ही एकटीने बघू नका, बाकावरच्या शेजाऱ्यांनी एकमेकांच्या बघायच्या आणि तुम्ही वरवर नजर टाकायची. न बघून आलेल्यांना शिक्षा नको, बाहेर तर मुळीच काढू नका. मागच्या दोन बाकांवर पुस्तक किंवा वाचनपत्रिका द्या, दहा मिनिटांत वाचून प्रश्न सोडवून गटात यायला सांगा. तोवर बाकीचा वर्ग पुढे गेलेला असतो. मागे राहिल्याची ती जाणीव ओरडण्यापेक्षा जास्त काम करते. काही झालं तरी फळ्यावर पहिल्यापासून शिकवू नका. पहिले तीन-चार तास हात शिवशिवतील, तेवढं सोसावं लागतं.

मग तुमचा व्हिडिओ तपासा. बघताना मुलाच्या हाताला काही काम आहे का? अडीचाव्या मिनिटाला ‘इथे थांब, पुढची पायरी वहीत लिही, मग सुरू कर’ असं हवं. पाचव्या मिनिटाला दुसरा थांबा. आणि शेवटी एक ओळ : न कळलेली एक गोष्ट लिहून आण. ‘सगळं कळलं’ हे उत्तर घेऊ नका. तसं असेल तर या भागावर परीक्षेत येईल असा एक प्रश्न स्वतः तयार करून आण, म्हणावं.

आणखी एक कारण फार वेळा निसटतं. व्हिडिओ दिला, पण जुना गृहपाठही तसाच चालू ठेवला. स्वाध्याय वर्गात आला की घरचा बंद झाला पाहिजे. व्हिडिओ आणि थांबे मिळून पंधरा मिनिटं, त्या विषयाचं त्या दिवशी घरी दुसरं काही नाही. शाळेत दोन शिक्षक फ्लिप करत असतील तर एकाच संध्याकाळी दोघांचं काम पडणार नाही, हे आपसांत ठरवून घ्या. आठवीपासून पुढे संध्याकाळी क्लास असतात, पंधराची तीस मिनिटं झाली की पहिला बळी तुमच्या व्हिडिओचा जातो.

कनिष्ठ महाविद्यालयात बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. ८० मुलं, हलवता न येणारे बाक, ४० मिनिटं. गटकाम शक्यच नाही. मग?
— प्राध्यापक, कोल्हापूर

गट करू नका, शेजारी वापरा. यासाठी माझूर यांचीच रीत सगळ्यात सोयीची. प्रत्येकाकडे अ, ब, क, ड अशी चार पुठ्ठ्याची कार्डं. एक वैचारिक प्रश्न, आकडेमोड नको. उदाहरणार्थ : बहिर्गोल भिंगाने पडद्यावर मेणबत्तीची प्रतिमा मिळाली आहे. भिंगाचा वरचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला तर? अ : प्रतिमेचा वरचा अर्धा भाग जाईल. ब : खालचा अर्धा भाग जाईल. क : पूर्ण प्रतिमा राहील, पण मंद होईल. ड : प्रतिमाच मिळणार नाही. किरणाकृत्या अचूक काढणारी मुलंही इथे अ किंवा ब उचलतात, कारण आकृतीत आपण दोनच किरण काढतो आणि तेवढेच किरण असतात असं मनात बसतं. वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेले किरण भिंगाच्या सगळ्या भागांवर पडतात, उरलेला अर्धा भागही त्या बिंदूची प्रतिमा देतो, म्हणून उत्तर क.

दीड मिनिट शांतता, कोणाशी बोलायचं नाही. मग ‘तीन’ म्हणताच सगळ्यांनी एकदम कार्ड छातीशी धरायचं. हात वर करायला लावू नका, हुशार मुलाकडे बघून बाकीचे हात वर जातात. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मधे असतील तर काहीही न सांगता म्हणा : ‘ज्याचं उत्तर तुझ्याहून वेगळं आहे असा शेजारी शोध आणि त्याला पटवून दे.’ पुढे-मागे वळूनही चालेल. तीन मिनिटांनी पुन्हा कार्डं. ७० च्या वर असतील तर अर्ध्या मिनिटात खुलासा करून पुढे चला. ३० च्या खाली असतील तर चर्चेत अर्थ नाही, चूकच पसरते. त्या वेळी सरळ फळ्यावर या आणि शिकवा. चाळीस मिनिटांत असे तीन प्रश्न नीट होतात, चार घेतले तर घाई होते. मोजताना ‘बऱ्याच जणांचं क आहे’ असं तोंडातून निसटू देऊ नका. एवढ्यानेही दुसरी फेरी वाया जाते.

मराठी शिकवणाऱ्यांना यात काही आहे का? की हे विज्ञान-गणितापुरतंच?
— मराठीच्या शिक्षिका, पणजी

कविता फ्लिप करू नका. कवितेचं पहिलं वाचन वर्गात, मोठ्याने, सगळ्यांसमोर झालं पाहिजे. घरी एकट्याने व्हिडिओवर अर्थ ऐकून आलेल्या मुलाला वर्गात शोधायला काही उरत नाही.

व्याकरण मात्र जरूर करा. वृत्त घ्या. लघु-गुरू कसे ओळखायचे आणि ‘यमाताराजभानसलगा’वरून गण कसे काढायचे, हे सहा मिनिटांत बसतं. जोडाक्षराच्या आधीचं, आघात येणारं ऱ्हस्व अक्षर गुरू होतं, हा नियम व्हिडिओत दोन उदाहरणांनी दाखवा आणि तिसऱ्यापाशी थांबा द्या. वर्गात जोडीजोडीने मनाच्या श्लोकांतली एकेक ओळ वाटा, लगक्रम (लघु-गुरूंचा क्रम) लावायला सांगा, वृत्ताचं नाव सांगू नका. चार ‘य’ गण हाती लागले की भुजंगप्रयात मुलं स्वतःच म्हणतील. न जमणाऱ्या जोड्या बहुधा जोडाक्षरापाशीच अडलेल्या असतात. त्यांना ओळ मोठ्याने चालीवर म्हणायला लावा आणि म्हणताना टाळी द्यायला सांगा. आघात कुठे पडतो ते हाताला आधी कळतं.